हप्ते चालू असताना दोघांच्या नावावर गृहकर्ज

मुंबईतल्या एका बँकेत मी गृहकर्जाच्या टेबलावर बसते. 'मॅडम, आधीची कर्जं फिटल्याशिवाय घराचं मिळणारच नाही ना?' असं विचारणारी जोडपी रोज येतात. मिळतं. पण किती मिळेल, हे तुमचं किती देणं बाकी आहे यापेक्षा महिन्याला किती हप्ता जातो यावर जास्त ठरतं.

समजा, भांडुपमधला ७० लाखांचा वन बीएचके घ्यायचाय. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,१०,००० रुपये. बँकेने त्यातला निम्मा हप्त्यांसाठी धरला, तर ५५,०००. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो, म्हणजे ६३ लाखांपर्यंत कर्ज. आता लग्नासाठी काढलेल्या पर्सनल लोनचा हप्ता ९,०००, बाईकचा ४,००० आणि क्रेडिट कार्डावर ८०,००० थकलेले. कार्डाच्या थकबाकीचे ५ टक्के कित्येक बँका हप्ता म्हणूनच धरतात, म्हणजे आणखी ४,०००. उरले ३८,०००, आणि कर्ज आलं ४४ लाखांच्या आत.

हाताशी थोडे पैसे असतील तर मोठं कर्ज फेडायला धावू नका. बाकी रक्कम कमी आणि हप्ता मोठा, ते आधी संपवा. बाईकचे ४०,००० उरले असतील, तर ते आणि कार्ड मिळून १,२०,००० भरा. महिन्याचे ८,००० सुटतात, पात्रता नऊ लाखांनी वाढते. पर्सनल लोनचे अडीच लाख बाकी असतील तर तूर्त राहू द्या, कारण रोख लागणारच आहे. एवढ्या रकमेच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त देत नाही. म्हणजे निदान १४ लाख तुमचे, शिवाय मुंबईत ६ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४,२०,०००, वर नोंदणीचे ३०,०००.

अर्जाआधी दोघांचे क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जं आणि त्यांच्या फेडीची नोंद, शेजारी ठेवून वाचा. ही नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. नवऱ्याने मोबाइल ॲपवरून काढलेलं छोटं कर्ज बायकोला माझ्या टेबलावर कळतं, तेव्हा मी पाणी आणायला उठते. मित्राला जामीन राहिला असाल तर तेही तिथे दिसतं. फेडलेल्या कर्जापुढे 'क्लोज्ड' हवं. 'सेटल्ड' (म्हणजे तडजोड करून कमी पैशांत मिटवलेलं) असेल तर राहिलेली रक्कम भरून नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचं पत्र, घ्या आणि नोंद बदलून घ्या. एकाचा क्रेडिट स्कोअर ७८० आणि दुसऱ्याचा ६४० असला, की बऱ्याचदा कमी स्कोअरवरच घोडं अडतं. दुसऱ्याच्या पगाराशिवाय भागत असेल, तर एकट्याने अर्ज करणं बरं.

नुसतं सह-अर्जदार होऊन घर तुमचं होत नाही. करारनाम्यात दोघांची नावं हवीत. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर प्रत्येकी २ लाखांपर्यंतची सूटही सहमालक असलात आणि हप्ता भरत असलात तरच. फेडीची जबाबदारी मात्र दोघांवर पूर्ण असते, अर्धी-अर्धी नाही. लग्न व्हायचं असेल तर आधी विचारा. बऱ्याच बँका नवरा-बायको किंवा जवळचे नातेवाईकच घेतात.

मंजुरीपत्र आलं म्हणून लगेच हप्त्यावर फ्रिज घेऊ नका. पैसे सोडण्याआधी आम्ही रिपोर्ट पुन्हा काढू शकतो.