प्रॉपर्टी टॅक्सबद्दल आमदारांना रोज लिहिताय? या चुका टाळा

टेक्सासमध्ये एप्रिलच्या सुमारास घराच्या नव्या किमतीची नोटीस येते आणि मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काही दिवस दुसरा विषय नसतो. न्यू जर्सीत नवं बिल उन्हाळ्यात येतं, तेव्हा तिथेही तेच. त्या तिरीमिरीत बरेच जण ठरवून टाकतात की आता आमदाराला रोज लिहायचं. हा निर्धार मला मनापासून पटतो. टेक्सासच्या हाउसमध्ये, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात, १५० प्रतिनिधी आहेत, म्हणजे एकेकामागे साधारण दोन लाख लोक. वॉशिंग्टनला बसणाऱ्या काँग्रेसमनमागे हाच आकडा साडेसात लाखांच्या वर जातो. न्यू जर्सीत ४० मतदारसंघ, आणि प्रत्येकात एक सेनेटर व दोन असेंब्ली सदस्य. इतक्या जवळच्या माणसापर्यंत पोचणं खरंच शक्य असतं. तरीही बहुतेकांचा उत्साह थोड्याच दिवसांत मावळतो, आणि ज्यांचा टिकतो त्यांच्यातल्या काहींची पत्रं कुणी उघडतही नाही. दोन्हीमागची कारणं ठरलेली आहेत.

भलत्याच दारावर टकटक

सर्वांत जास्त मेहनत इथे वाया जाते, म्हणून याबद्दल जरा सविस्तर.

पहिला घोळ सेनेटरांचा. प्रत्येक राज्याचे दोन सेनेटर वॉशिंग्टनमध्ये असतात. घरपट्टीचे नियम ते करत नाहीत. तुम्हाला हवे असलेले स्टेट सेनेटर राज्याच्या राजधानीत, म्हणजे ऑस्टिन (टेक्सास) किंवा ट्रेंटनला (न्यू जर्सी) असतात. याच्या उलट घोळही होतो. फेडरल रिटर्न भरताना राज्य आणि स्थानिक करांची किती वजावट मिळते, ती १०,००० डॉलरची मर्यादा २०२५ मध्ये ४०,००० का झाली, हा सगळा काँग्रेसचा विषय. त्यावरून स्टेट रिप्रेझेंटेटिव्हला खडसावलं तर उत्तर येतं, 'हे आमच्या हातात नाही,' आणि ते खरंच असतं.

दुसरा घोळ राज्याच्या आतला. तुमच्या घराची किंमत आमदार ठरवत नाही. टेक्सासमध्ये ते काम काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टचं, न्यू जर्सीत गावाच्या असेसरचं. कराचा दरही आमदार ठरवत नाही. ते काम शहर, काउंटी, स्कूल बोर्ड आणि ह्यूस्टनच्या आसपास असाल तर पाणी-सांडपाण्याची सोय बघणाऱ्या म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टचं. मग आमदाराकडे उरतं काय? या सगळ्यांना ज्या चौकटीत राहावं लागतं ती चौकट. टेक्सासच्या २०१९ च्या कायद्याने शहरं आणि काउंट्यांवर बंधन आलं: रोजच्या खर्चासाठीची करवसुली ३.५ टक्क्यांहून जास्त वाढवायची असेल तर मतदारांची मंजुरी घ्या. राहत्या घरावरची शाळेच्या करातली होमस्टेड सूट ४०,००० डॉलरवरून २०२३ मध्ये एक लाखावर आणि २०२५ मध्ये १,४०,००० वर गेली, तीही विधिमंडळाने ठराव करून मतदारांपुढे ठेवला म्हणून. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने दर एक टक्क्याच्या आसपास आणि किमतीतली वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर बांधून टाकली, तेव्हा तिथली चर्चाच वेगळी असते.

म्हणून लिहायला बसण्याआधी बिल समोर घ्या आणि एकेक ओळ वाचा. स्कूल डिस्ट्रिक्ट किती, काउंटी किती, शहर किती, कम्युनिटी कॉलेज किती. मागच्या वर्षीचं बिल शेजारी ठेवा. कोणती ओळ वाढली हे कळलं की कुणाला लिहायचं हे बरंचसं आपोआप सुटतं. टेक्सासमध्ये दराचे दोन भाग असतात, एक रोजच्या खर्चाचा आणि दुसरा कर्जफेडीचा. ती ३.५ टक्क्यांची मर्यादा पहिल्याच भागाला लागते. मर्यादा असूनही बिल का फुगलं, याचं उत्तर कित्येकदा दुसऱ्या भागात सापडतं.

मर्यादा कशावर आहे ते न बघता भांडणं

न्यू जर्सीत २०१० पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, तरी माझं बिल पाच टक्के कसं वाढलं? हा प्रश्न हमखास येतो. ती मर्यादा गावाच्या, काउंटीच्या आणि शाळेच्या एकूण वसुलीतल्या वार्षिक वाढीवर आहे, तुमच्या एका घराच्या बिलावर नाही. शिवाय कर्जफेड, पेन्शन, आरोग्यविमा अशा खर्चांना त्यात सवलती आहेत. टेक्सासची १० टक्क्यांची मर्यादासुद्धा राहत्या घराच्या करपात्र किमतीतल्या वार्षिक वाढीवर आहे, करावर नाही. 'तुम्ही कायदा मोडताय' असं पत्र गेलं की ऑफिसातला सहायक चूक दाखवणारं दोन ओळींचं उत्तर पाठवतो आणि संवाद तिथेच संपतो.

रोज म्हणजे रोज त्याच माणसाला

सवय रोजची ठेवा, पण पत्र रोज एकाच ऑफिसला धाडू नका. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे. आमदाराकडे मोजका कर्मचारीवर्ग असतो. आलेला फोन किंवा ईमेल बिलाच्या (इथे बिल म्हणजे विधेयक) नंबराखाली, बाजूने की विरोधात, असा नोंदवला जातो. एकाच माणसाची तीच तक्रार पुन्हा आली म्हणून नवं मत मोजलं जात नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तुमचं नाव दिसलं की ईमेल न वाचता बाजूला सरकवला जातो.

मग रोजच्या पंधरा मिनिटांत करायचं काय? एखाद्या दिवशी कमिटीच्या सुनावण्यांची यादी बघा. टेक्सास लेजिस्लेचर ऑनलाइन या विधिमंडळाच्या साइटवर खातं उघडलं तर तुम्ही निवडलेल्या बिलांच्या सूचना ईमेलवरच येतात. एखाद्या दिवशी बिलाचा मजकूर वाचा. एक दिवस स्टेट सेनेटरला लिहा, आठवड्याने प्रतिनिधीच्या स्थानिक ऑफिसात फोन करा. बिल कमिटीत असेल तेव्हा अध्यक्षांना लिहा; टेक्सास हाउसमध्ये करविषयक बिलं बहुतांशी वेज अँड मीन्स कमिटीकडे जातात. तिथे सुनावणी लागलेल्या बिलावर राज्यातल्या रहिवाशाला ऑनलाइन लेखी मत देता येतं. इलिनॉयमध्ये 'विटनेस स्लिप' भरता येते: नाव, बिल, बाजूने की विरोधात, झालं. इतकी सोपी आणि तरीही अधिकृत नोंदीत जाणारी सोय फार कमी ठिकाणी आहे. इलिनॉयवाल्यांनी ती वापरावीच.

एखादा दिवस शेजाऱ्याला टॅक्सचं बिल वाचून दाखवण्यात गेला तरी तो कामी आला समजा. एकाच रस्त्यावरच्या पाच घरांनी आपापल्या शब्दांत लिहिलेली पाच पत्रं एका माणसाच्या पन्नास पत्रांपेक्षा भारी पडतात. आपापल्या शब्दांत, हे मात्र महत्त्वाचं. ग्रुपवर फिरणारा तयार मजकूर जसाच्या तसा पाठवला तर तो सरळ गठ्ठ्यात जातो.

मागणी नसलेलं पत्र

'कर परवडत नाही, काहीतरी करा' यावर आमदाराने नेमकं काय करायचं? हेच असं लिहून बघा (पत्र अर्थात इंग्रजीत जाईल): 'मी तुमच्या मतदारसंघात राहते, पत्ता आणि झिप कोड वर दिला आहे. आमच्या शहराच्या दरातला कर्जफेडीचा भाग यंदा वाढला. त्यातलं काही कर्ज मतदान न घेता, सर्टिफिकेट ऑफ ऑब्लिगेशन काढून घेतलेलं आहे. अशा कर्जाला मतदारांची मंजुरी लागावी, या बिलाला तुम्ही पाठिंबा द्याल का?' आणि खाली बिलाचा नंबर. पत्ता, एक खरा आकडा, हो किंवा नाही असं उत्तर देता येईल असा एक प्रश्न. बस.

बिलाचा नंबर चालू सत्राचाच आहे ना, ते तपासा. टेक्सासमध्ये नियमित सत्र संपलं की मंजूर न झालेली बिलं मरतात. न्यू जर्सीत दोन वर्षांचं सत्र सम वर्षाच्या जानेवारीत सुरू होतं आणि नंबर पुन्हा पहिल्यापासून लागतात.

कर कमी केला तर शाळेचे पैसे कुठून आणायचे, हा उलट प्रश्न ठेवलेलाच असतो. त्याचं उत्तर स्वतःपाशी असू द्या. टेक्सासमध्ये स्टेट इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न फार टोकदार होतो.

कॅलेंडर न बघणं

टेक्सासचं विधिमंडळ विषम वर्षात, जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी भरतं आणि नियमित सत्र जास्तीत जास्त १४० दिवस चालतं. बहुतेक बिलं पहिल्या ६० दिवसांत दाखल करावी लागतात; दाखल करायला सुरुवात आधीच्या नोव्हेंबरमध्येच होते. म्हणजे एप्रिलमध्ये नोटीस हातात पडते तेव्हा नवं बिल आणायची वेळ टळून गेलेली असते. नवी कल्पना सुचवायची तर आदल्या उन्हाळ्यात, आमदार मतदारसंघात असतात तेव्हा. न्यू जर्सीत बजेट ३० जूनपर्यंत व्हावं लागतं, त्यामुळे अँकर किंवा स्टे एनजे या घरपट्टीतल्या सवलतींवर बोलायचं तर वसंतातच बोला.

अडलं तर

उत्तरच येत नाही? ईमेलमध्ये पूर्ण पत्ता होता का बघा. पत्ता नसेल तर तुम्ही मतदारसंघातले आहात हे त्यांना कळत नाही, आणि बाहेरच्यांना सहसा उत्तर जात नाही. पत्ता देऊनही शांतता असेल तर स्थानिक ऑफिसात फोन करून करविषयक काम कोण बघतं ते विचारा, त्या सहायकाचं नाव लिहून ठेवा, आणि पुढचं पत्र त्यांच्याच नावे पाठवा.

छापील उत्तर आलं? त्याच ईमेलला उत्तर देऊन राहिलेला एकच प्रश्न पुन्हा विचारा.

ग्रीन कार्ड किंवा एच-१बी व्हिसावर आहात म्हणून संकोच वाटतो? मत देता येत नाही, पण घर तुमचं आहे, कर तुम्ही भरता, आणि लिहायला, भेटायला, सुनावणीत बोलायला कुणाची आडकाठी नाही. फक्त एच-१बीवर असताना निवडणूक प्रचाराला देणगी देऊ नका. फेडरल कायद्याने ती बंद आहे. ग्रीन कार्डधारकांना ती मुभा आहे.

सवय तुटली? बहुधा सत्र संपलेलं असतं आणि लिहायला ताजं काही नसतं. अशा वेळी मोर्चा स्थानिक पातळीवर वळवा. टेक्सासमध्ये शहरं, काउंट्या आणि शाळा आपले दर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ठरवतात, आणि तिथली जाहीर सुनावणी तुमच्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर असते.

आमदाराला लिहिलं म्हणून घराच्या किमतीवरच्या हरकतीची मुदत मात्र थांबत नाही. टेक्सासमध्ये ती १५ मे, किंवा नोटीस टपालाने पाठवल्यापासून ३० दिवस, यातली नंतरची तारीख. न्यू जर्सीत बहुतेक काउंट्यांत १ एप्रिल, मॉनमथसारख्या काही ठिकाणी १५ जानेवारी. हरकत चालू असली तरी न्यू जर्सीतले तिमाही हप्ते भरत राहा, आणि टेक्सासचं बिल ३१ जानेवारीच्या आत भरा. १ फेब्रुवारीपासून दंड आणि व्याज लागतं.