चाळिशीनंतर नजर उतरते तेव्हा : एकेक डोळा झाकून तपासा

दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा अधू डोळ्याची उणीव झाकतो. म्हणून नेहमीचा चष्मा लावून, एक डोळा न दाबता झाकून, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी पाहाव्यात आणि मग दुसऱ्या डोळ्याने तेच करावे.

रेषा वाकड्या दिसत असतील किंवा समोरच्याचा चेहराच मधोमध पुसट होत असेल, तर वयोमानाने डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागाची झीज होत असण्याची शक्यता असते. तिच्या एका प्रकारात नजर झपाट्याने खालावते आणि डोळ्यातील इंजेक्शने वेळेत सुरू झाली तरच ती टिकण्याची आशा असते.

सगळेच धुरकट दिसणे आणि गळीत हंगामात रात्री समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या दिव्यांनी डोळे दिपणे, हे बहुधा मोतीबिंदूचे लक्षण होय. साठीनंतर वाचायचा चष्मा सुटला म्हणून घरात कौतुक होते, तेही अनेकदा मोतीबिंदूमुळेच. तो पिकेपर्यंत थांबण्याची गरज नसते. फार पिकलेला मोतीबिंदू उलट डोळ्यातला दाब वाढवू शकतो.

माझ्या मते खरी काळजी करावी ती काचबिंदूची, कारण तो वरील चाचणीत सापडत नाही. बहुतेकदा तो दुखत नाही, समोरचे वाचताही येते, पण कडेची नजर हळूहळू जाते; कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर बाजूने येणारी दुचाकी अगदी जवळ आल्यावरच दिसते. गेलेली नजर परत मिळत नाही. डोळ्यातला दाब साधारणपणे 10 ते 21 मिलिमीटर पारा इतका असतो, मात्र तो या मर्यादेत असूनही काचबिंदू होऊ शकतो, त्यामुळे दाबाबरोबर डोळ्याची नसही तपासून घ्यावी. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा आजार असल्यास चाळिशीची वाट पाहू नये. औषधाचे थेंब बरे वाटते म्हणून बंद करू नयेत, आणि स्टेरॉइडचे थेंब मेडिकलमधून परस्पर आणून वापरू नयेत. त्यांनी काचबिंदू व मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात.

प्रौढ वयात होणारा (टाइप 2) मधुमेह आढळताच, नजर चांगली असली तरी, बाहुली मोठी करून पडदा तपासावा आणि पुढे दरवर्षी तपासत राहावे. त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नये.

डोळा अचानक तीव्र दुखून दिव्याभोवती रंगीत वलये दिसली व उलट्या झाल्या, किंवा नजरेसमोर पडदा सरकल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी कोल्हापूरचे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) अथवा जवळचे नेत्ररुग्णालय गाठावे.