प्यादं द्या, पण वसुलीचा हिशोब ठेवा

दर रविवारी सकाळी पंचवटीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सात-आठ मुलं बुद्धिबळाचा पट मांडून बसतात. ग्रँडमास्टर विदित गुजराथी नाशिकचाच, त्यामुळे ग्रँडमास्टर होणं म्हणजे पंचवटीतून नाशिकरोडला जाऊन येणं, असं प्रत्येकाला वाटतं. आणि प्रत्येकाला आधी गॅम्बिट शिकायचा असतो, म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊन हल्ला मिळवण्याची युक्ती.

माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्जखात्यात झाली, म्हणून मी तसंच शिकवतो. दिलेलं प्यादं हे कर्ज. वसूल करायचा असतो तो वेळ, म्हणजे जास्तीच्या खेळ्या.

शब्द मूळचा इटालियन. गांबा म्हणजे पाय, आणि गांबेत्तो म्हणजे पायात पाय घालून पाडणं. तालमीत जाणाऱ्या पोराला एका शब्दात कळतं: टांग! बुद्धिबळात हा शब्द आणला स्पेनच्या रुय लोपेझ या पाद्र्याने, १५६१ च्या आपल्या पुस्तकात.

सुरुवात किंग्ज गॅम्बिटने करू नका. १८५१ मध्ये लंडनला अँडरसनने त्यातून दोन्ही हत्ती, एक उंट आणि वजीर देऊन मात केली. तो डाव पाहिला की मुलं पुढच्याच डावात वजीर उधळतात. शिवाय त्यात द्यायचं ते एफचं, म्हणजे राजाशेजारच्या उंटापुढचं प्यादं पुढे गेलं की आपल्याच राजाचं दार उघडं. क्वीन्स गॅम्बिटमधलं, म्हणजे वजिराच्या बाजूचं प्यादं सहसा परत मिळतं. ते कर्ज नव्हे, अनामत.

इव्हान्स गॅम्बिट घ्या. विल्यम इव्हान्स हा वेल्सचा, जहाजावरचा कॅप्टन. १८२० च्या दशकात त्याने ही युक्ती काढली. अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी; आधी पांढऱ्याचं घर, मग काळ्याचं. दोघांची राजापुढची प्यादी ई४, ई५. घोडे एफ३, सी६. उंट सी४, सी५. आता पांढऱ्याने बीचं प्यादं बी४ ला ढकलायचं. "काका, फुकट आहे!" म्हणत समोरचा उंटाने खातो. सी३. उंट पळाला ए५ ला. डी४.

इथे थांबा, कागदावर दोन रकाने आखा: दिलेलं आणि वसूल. काळ्याचा एकच उंट तीनदा हलला. तेवढ्यात पांढऱ्याची दोन प्यादी मध्यावर चालून आली. काळ्याने डी४ चंही खाल्लं तर आपण कॅसल करायचं, म्हणजे राजा हत्तीच्या आडोशाला न्यायचा. हावरटाने सी३ चंही मारलं, तर वजीर बी३ ला. उंट आणि वजीर एकाच तिरक्या रेषेत, नेम एफ७ वर, आणि त्या घराला राखायला एकटा राजा. तीन खेळ्यांची आघाडी म्हणजे एक प्यादं, हा जुना ठोकताळा. बाराव्या खेळीपर्यंत हल्ला दिसला नाही, तर खातं बुडीत धरा आणि सावध खेळा.

हे जुनंपानं समजू नका. १९९५ मध्ये रीगाला कास्पारोवने आनंदला याच गॅम्बिटने २५ खेळ्यांत हरवलं.

मीही एकदा बुडालोय. एका स्पर्धेत समोर बारा-तेरा वर्षांचा पोरगा. डी४ झाल्यावर त्याने काही न खाता डी६ केलं. मी कॅसल केलं, त्याने उंट शांतपणे बी६ ला नेला. ही जुना जगज्जेता लास्कर याची पद्धत: घेतलेलं प्यादं मुकाट परत द्यायचं. मी हावरेपणाने ई५ वर मारामारी केली, वजिरा-वजिरी झाली, प्यादं परत आलं. हल्ला मात्र संपला, आणि माझी ए आणि सीची प्यादी एकेकटी, अनाथ. त्याचा उंट चारदा हलला होता, तरी रकान्यात माझ्याकडे काही उरलं नव्हतं. एंडगेममध्ये, म्हणजे थोडी मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, त्याने ती दोन्ही वेचून खाल्ली.

चूक रात्री घरी पट मांडल्यावर सापडली. सातव्या खेळीला कॅसलऐवजी वजीर बी३ ला हवा होता. एफ७ राखायला त्याला वजीर डी७ ला आणावा लागला असता, आणि त्याचा सी८ चा उंट मागे कोंडला असता.