घरी भरलेली जुनी कॅसेट संगणकावर उतरवताना

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि कुणाचं गाणं निघायचं हे बड्या रेकॉर्ड कंपनीच्या हाती उरलं नाही. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप वस्तीवस्तीत वाजू लागले, आणि जयंतीच्या मांडवातली भीमगीतं, कव्वालीचे सामने पोरं टेपवर भरून घेऊ लागली. बाजारातली कॅसेट दुसरीकडे मिळेल. मांडवात भरलेली बहुधा एकच असते. सुरुवात तिच्यापासून करा.

आधी पाठीमागच्या दोन्ही टिकल्या मोडा, म्हणजे चुकूनही वर काही रेकॉर्ड होणार नाही. खिडकीतून फितीच्या कडेला पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट डेकमध्ये घालू नका, बुरशी हेडला (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) लागून पुढच्या कॅसेटमध्ये जाते. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात काही दिवस सुकवा, मग मास्क लावून, कोरड्या मऊ कापडातून फीत हाताने सावकाश गुंडाळा. हेडसमोरचा नमद्याचा तुकडा गळला असेल तर आवाज दबका येतो. फीत स्क्रूने उघडणाऱ्या नव्या कॅसेटच्या खोक्यात हलवा.

हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रबरी रोलर मात्र साबणाच्या पाण्याच्या ओलसर कापडाने. सी-९० ची, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटची, फीत जेमतेम १२ मायक्रॉन जाड असते, सी-१२० ची ९. ती भरभर पुढे-मागे पळवू नका.

सगळ्यात जास्त वेळ हेडच्या कोनाला द्या. मांडवातला टेपरेकॉर्डर आणि तुमचा डेक यांचा कोन क्वचितच जुळतो, आणि मग ढोलकीची चाट आणि शब्दांतला 'स'चा उच्चार बोथट होतात. हेडशेजारच्या स्प्रिंगच्या स्क्रूची मूळ जागा नेलपॉलिशने खुणावा. आवाज मोनो करून स्क्रू केसभर फिरवत ऐका. 'स' सर्वात धारदार लागेल तिथे थांबा. बाजू पालटली की पुन्हा तपासा.

हेडफोनच्या नव्हे, लाइन-आउटच्या भोकातून वायर घ्या. डेकवरचं डॉल्बीचं (खरखर दाबणारं) बटण बंद. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलपर्यंत. तासाला साधारण १ जीबी जागा लागते.

खरखर काढायची तर प्रतीवर काढा, मूळ फाइलवर नाही. दोन गाण्यांमधली बक्षिसांची घोषणा कापू नका: गावाचं, मंडळाचं नाव बऱ्याचदा तेवढ्यातच सापडतं.