शूटिंगला जाण्याआधी वहीच्या शेवटच्या पानावर एवढं लिहा

जत्रेच्या नाटकांत १० वर्षं तोंडाला रंग लावलेला नट पणजीत शूटिंगला गेला की अभिनयात अडत नाही, शब्दांत अडतो. मला ‘दादा, थोडं चीट करा’ म्हणाले तेव्हा मी दचकलोच. मी कुणाला फसवलं?

शब्दांचे अर्थ पाठ करत बसू नका. ‘हे ऐकलं की मी काय करायचं’ तेवढंच लिहा.

१. मार्क : जमिनीवरची चिकटपट्टी. तिथंच थांबायचं, खाली न बघता. रिहर्सललाच पावलं मोजून ठेवा.

२. चीट : समोरच्याशीच बोलतोय असं वाटू देत अंग जरा कॅमेऱ्याकडे वळवायचं.

३. सजेशन : एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा. खांदा तुमचा असला तरी वाक्य जीव ओतूनच द्या, समोरच्याला त्याचाच आधार असतो.

४. कंटिन्युइटी : खरी गोची इथं. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खा प्रसंग लांबून टिपतात त्यात, ‘आई’ या शब्दावर उजव्या हातानं कप उचललात, तर क्लोजमध्येही, म्हणजे जवळून घेतलेल्या शॉटमध्येही, तोच हात, तोच शब्द. रंगमंचावर रोज नवं काही करायची सवय इथं नडते. मास्टर संपला की लगेच हात आणि शब्द टिपून घ्या.

५. कट : तो ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही, वाक्य चुकलं तरी.

एक मात्र सांभाळा. ऑडिशनची ‘फी’ कुणी आगाऊ मागितली, तर पैसे न देता सरळ घरची बस पकडा.