क्राफ्ट बिअरचा वर्षभराचा संकल्प तडीस कसा न्यावा

वर्षभरात ५२ वेगवेगळ्या क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या प्रमाणावर हौसेने घडवलेल्या बिअर, चाखून पाहण्याचा संकल्प जानेवारीत सोडणे अवघड नसते. ‘संकल्प सोडणे’ याचे मराठीत दोन्ही अर्थ होतात, आणि पुष्कळांच्या बाबतीत गणपतीच्या सुमारास पहिल्या अर्थाचे रूपांतर दुसऱ्यात होते. जे टिकून राहतात त्यांच्यातलेही बरेचजण उरलेला आकडा भरून काढण्यासाठी अखेरच्या आठवड्यांत एकेका बैठकीला पाच-सहा पेले रिचवतात. संख्या पुरी होते, पण त्यांतल्या एकाही बिअरची चव नंतर सांगता येत नाही. हे टिपण त्या शेवटच्या तीन महिन्यांविषयी आहे. सुरुवात कशी करावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. शेवट कसा करावा हे मला माझ्याच चुकांतून शिकावे लागले, आणि माझे मत असे झाले आहे की या संकल्पाची खरी सांगता पहिल्या बिअरकडे परत जाऊन करायची असते.

सर्वप्रथम सप्टेंबरच्या अखेरीस एका रविवारी सकाळी, म्हणजे हातात पेला नसताना, वही उघडून झाडाझडती घ्यावी. माझ्या वहीत त्या दिवशी ३८ नोंदी होत्या आणि मी स्वतःवर खूश होतो. प्रकारानुसार मोजल्यावर त्यांतल्या १७ गव्हाच्या बिअर निघाल्या. हे केवळ माझ्या आवडीमुळे झाले नव्हते. पुण्यात २००९ साली डूलालीपासून मायक्रोब्रुअरीचे, म्हणजे जागीच बिअर बनवून पाजणाऱ्या छोट्या कारखान्यांचे पर्व सुरू झाले, आणि तेव्हापासून गव्हाची बिअर हा इथल्या बहुतेक ठिकाणांचा हुकमी पदार्थ राहिला आहे. त्यामागे साधा हिशेब आहे. लागर प्रकारच्या बिअरचे यीस्ट साधारण ७ ते १३ अंश सेल्सिअसला सावकाश काम करते आणि नंतर ती बिअर कित्येक आठवडे थंड टाकीत मुरवावी लागते. ‘लागर’ हा शब्दच मुळी साठवण्याच्या जर्मन क्रियापदावरून आला आहे. गव्हाची बिअर मात्र उबदार तापमानाला लवकर आंबते, ताजीच प्यायची असते आणि तिचा कडूपणा बेताचा असल्यामुळे नव्या गिऱ्हाइकाला दचकवत नाही. टाकी लवकर मोकळी होते आणि मालही खपतो. त्यामुळे शहरातल्या नव्या नव्या जागी जाऊन ‘आज वेगळी बिअर घेतली’ असे आपल्याला वाटत राहते, आणि प्रत्यक्षात आपण त्याच एका प्रकाराभोवती प्रदक्षिणा घालत असतो.

झाडाझडतीच्या वेळी काय धरायचे आणि काय वगळायचे, याचाही निकाल लावून टाकावा. सायडर ही सफरचंदाच्या रसापासून आणि मीड मधापासून होते, तेव्हा त्या बिअरच्याच नळावरून आल्या तरी बिअरच्या यादीत बसत नाहीत. पुण्यातच चांगली मीड बनते आणि ती अवश्य चाखावी, पण वेगळ्या पानावर लिहावी. कोकम किंवा हापूस घातलेली बिअर धान्यापासून झालेली असेल तर ती धरावी. मित्राच्या पेल्यातला एक घोट धरू नये. गटारीच्या रात्री केलेल्या नोंदी, अक्षर लागत असले तरीही, खोडून टाकाव्यात. या नियमांनी माझ्या ३८ च्या ३३ झाल्या, आणि ते बरेच झाले, कारण उरलेल्या १९ जागा आता मला विचारपूर्वक भरता येणार होत्या.

त्या जागांचे वेळापत्रक मात्र दिसते तितके ऐसपैस नसते. दिवाळीचा आठवडा सरळ वजा करावा, कारण चिवडा, चकली आणि उटणे यांच्या वासात नाक आणि जीभ दोन्ही निकामी असतात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळे आटोपेल असा बेत करावा. एकतीस डिसेंबरच्या गोंगाटात घेतलेली बिअर ही चाखलेली बिअर नसते. म्हणजे हातात नऊ-दहा आठवडे राहतात आणि आठवड्याला दोन बिअर पुरतात. एका बैठकीत दोनच नोंदी करण्याचा नियम मी स्वतःला घालून घेतला, कारण तिसऱ्या पेल्यापासून माझी सगळी टिपणे ‘मस्त’ या एका शब्दावर येऊन थांबत असल्याचे वहीनेच दाखवून दिले होते. नमुन्यादाखल १५० मिलीच्या चार छोट्या पेल्यांची पाटी मिळते, तिच्याबद्दलही भ्रमात राहू नये: पाच टक्के मद्यांश धरला तर त्या चार पेल्यांतून सुमारे २४ ग्रॅम अल्कोहोल पोटात जाते, आणि तेवढ्याच टक्क्यांच्या ६५० मिलीच्या मोठ्या बाटलीतून सुमारे २६ ग्रॅम. पाटी दोघांत वाटून घ्यावी. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले आहे, तेव्हा औषधोपचार सुरू असतील किंवा डॉक्टरांनी मना केले असेल तर ३३ वर पूर्णविराम देऊन वही मिटणे हाच शहाणपणा होय. महाराष्ट्रात मद्यसेवनासाठी परवाना लागतो, तो काढून ठेवावा. आणि १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा गुन्हा असल्यामुळे चाखायला जाताना स्वतःची गाडी नेऊच नये.

आता मुख्य काम, म्हणजे उरलेल्या बिअरची निवड. त्या सुट्या न घेता जोडीने घ्याव्यात, कारण एकटी बिअर फारसे काही शिकवत नाही. तिच्या शेजारी तिची सख्खी किंवा चुलत बहीण ठेवली की दोघीही बोलू लागतात. सगळ्यात उपयोगी जोडी, निदान आपल्याकडे, बव्हेरियन हेफवायझेन आणि बेल्जियन विट यांची आहे. दोन्ही गव्हाच्या, दोन्ही गढूळ आणि फिकट, आणि वर्षभर मी दोन्हींना ‘मसालेदार’ असे एकच विशेषण लावत आलो होतो. शेजारी ठेवल्यावर कळले की हेफवायझेनमधले पिकलेले केळे आणि लवंग ही दोन्ही यीस्टची करामत असते, त्यात केळेही नसते आणि लवंगही नसते; विटमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घातलेली असते. एकीचा वास आंबण्यातून आलेला आणि दुसरीचा फोडणीसारखा बाहेरून दिलेला, हे एकदा नाकाला समजले की पुन्हा विसरत नाही.

दुसरी जोडी पिल्सनर आणि साध्या कारखानी लागरची लावावी. पिल्सनर बोहेमियातल्या पिल्झन गावात १८४२ साली जोसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने प्रथम तयार केली, आणि आज जगभर खपणाऱ्या पिवळ्या बिअर बहुतांशी तिच्याच दूरच्या वंशज आहेत. पण हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, जो स्वच्छ, किंचित गवताळ कडूपणा मूळ प्रकारात असतो तो या वंशजांत क्वचितच उतरतो, आणि तो फरक ओळखता येणे हे वर्षाच्या मेहनतीचे चांगले मोजमाप आहे. पोर्टर आणि स्टाउट या दोन काळ्या बिअरची जोडी लावून पाहिली, पण त्या दोहोंमधली सीमारेषा मुळातच पुसट असल्यामुळे त्यावर फार वेळ घालवू नये. इंडिया पेल एल घेताना पारदर्शक, कोरडी अमेरिकी पश्चिम किनारी धाटणी आणि गढूळ, फळाळ न्यू इंग्लंड धाटणी एकत्र घ्यावी. ही बिअर हिंदुस्थानच्या सागरी प्रवासात टिकावी म्हणून मुद्दाम शोधून काढली, अशी गोष्ट प्रत्येक मेजावर कोणीतरी सांगतेच. लंडनहून इकडे त्याच जहाजांतून काळी पोर्टरही येत होती आणि तीही नीट पोहोचत होती, एवढे त्याला हळूच सांगावे. म्युनिक किंवा सिअ‍ॅटलमधला भाऊ येताना डबे घेऊन येणार असेल, तर त्याला तळावरची तारीख पाहायला सांगावे, कारण हॉप्सचा सुगंध काही महिन्यांतच ओसरतो आणि सहा महिन्यांच्या जुन्या पेल एलवरून त्या प्रकाराविषयी मत बनवणे अन्यायाचे ठरते.

चाखण्याच्या पद्धतीविषयी थोडक्यात सांगायचे तर काच भांड्यांच्या साबणाचा वा तुपाचा अंश राहू न देता धुवावी. बिअर ओतल्यावर बुडबुडे काचेच्या आतल्या कडेला चिकटून बसले तर काच अस्वच्छ आहे असे समजावे. फ्रिज ४ अंशांवर असतो आणि स्टाउटला १० ते १२ अंश मानवतात, म्हणून ती अगोदर वीस मिनिटे बाहेर काढून ठेवावी, मे महिन्यात दहाच मिनिटे. दोन घोटांच्या मधे पाणी आणि साध्या पोळीचा किंवा पावाचा तुकडा घ्यावा; मिसळ, शेंगदाण्याचा मसाला किंवा तळलेले बोंबील हे सगळे नोंद संपल्यावर. नाक थकले तर स्वतःच्याच बाहीचा वास घ्यावा. जाणकारही हेच करतात, आणि शेजारच्या मेजावरचे लोक आपल्याकडे बघतात ते बघू द्यावे.

मात्र नोंद लिहिणे हा विषय थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. बाहेरच्या चवचक्रांवरून, म्हणजे चवींच्या नावांच्या गोलाकार तक्त्यांवरून, ‘पाइन’, ‘ग्रेपफ्रूट’, ‘टॉफी’ असे शब्द उतरवून घेण्याची सवय मलाही होती. पुढे लक्षात आले की यांतल्या निम्म्या गोष्टींचा वास मी आयुष्यात धड घेतलेला नाही, आणि आपल्याच स्वयंपाकघरातले शब्द अधिक नेमके आहेत. इंग्रजी वर्णनांत कडू आणि तुरट यांची नेहमी गल्लत होते. आपल्याला कारले आणि कच्चे जांभूळ यांतला फरक लहानपणापासून ठाऊक असतो, आणि बिअरमध्येही हॉप्सचा कडूपणा जिभेच्या मागे उरतो, तर धान्याच्या टरफलाचा तुरटपणा हिरड्या आवळतो. स्टाउटमधले भाजलेले जव ‘खमंग’ लागतात की ‘करपट’, या एका प्रश्नात त्या बिअरची सगळी परीक्षा होऊन जाते. पाणचट, गुळचट, आंबूस, मचूळ, उग्र हे शब्द तर जणू याच कामासाठी घडवले आहेत. दोषांनाही असेच आपले शब्द द्यावेत: लोण्याचा वास आला तर यीस्टला काम पुरते संपवू दिलेले नाही, कच्च्या हिरव्या सफरचंदाचा आला तर बिअर कोवळी आहे, उकडलेल्या मक्याचा आला तर उकळणे अपुरे झाले असण्याची शक्यता आहे, आणि भिजलेल्या पुठ्ठ्याचा आला तर बिअरला हवा लागून ती शिळी झाली आहे. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेच्या बाटलीतली बिअर दुकानाच्या उजेडात राहिली की प्रकाशाने हॉप्समधली द्रव्ये मोडून एक ओशट, प्राण्यासारखी दुर्गंधी येते. तपकिरी बाटली त्यासाठीच वापरतात. नोंद पहिल्या दहा मिनिटांत पुरी करावी आणि तिच्यात ‘छान’ हा शब्द येऊ देऊ नये.

५२ वी बिअर झाली की दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत आणि मग पहिलीकडे वळावे. माझी पहिली बिअर डब्यातली बेल्जियन विट होती, त्यामुळे ती पुन्हा मिळाली. पहिली बिअर एखाद्या मायक्रोब्रुअरीच्या नळावरची असेल तर तिथेच जाऊन ताज्या घाण्याची घ्यावी आणि घाणा बदलल्याची नोंद करावी. डब्यातली बिअर असेल तर त्रिकोणी चाचणी करता येते. कार्ल्सबर्ग या डॅनिश बिअर कंपनीच्या तज्ज्ञांनी १९४० च्या दशकात रूढ केलेल्या या चाचणीत तीन सारखे पेले समोर येतात, दोहोंत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी असते, आणि वेगळा पेला कोणता एवढेच सांगायचे असते. दुसरी बिअर त्याच प्रकारातली, पण दुसऱ्या कंपनीची घ्यावी. ओतणारी व्यक्ती वेगळी असावी, पेल्यांना बाहेरून कागद गुंडाळावा आणि बुडाला खूण करावी. एका पेल्यात २० मिली पुरेत. आमच्या घरी खोकल्याच्या औषधाची मापाची टोपी दोनदा गरम पाण्याने धुऊन वापरली. सहा फेऱ्यांच्या अठरा पेल्यांचे ३६० मिली होतात, म्हणजे एका छोट्या बाटलीहून थोडे अधिक. निकाल वाचताना मात्र सावध राहावे: सहापैकी निदान चार उत्तरे बरोबर येणे हे नुसत्या नशिबानेही दहात एकदा घडते, पाच किंवा सहा येणे शंभरात जेमतेम दोनदा. थोड्या नमुन्यांवरून काय म्हणता येते याचे गणित विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली मांडले, आणि ते डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यातच नोकरीला होते.

मला सहापैकी चार जमले, म्हणजे छातीठोकपणे काही म्हणण्याजोगे नाही. त्यानंतर डब्यात उरलेली बिअर उघडपणे ओतून घेतली आणि जानेवारीची नोंद न पाहता नवी लिहिली: ‘धण्याआधी संत्र्याची साल, गिळल्यावर गव्हाचा पिठूळपणा, फेस तीन मिनिटांत बसला, शेवटी गुळचट.’ जानेवारीच्या पानावर ‘छान, हलकी, उन्हाळ्यात बरी’ असे होते आणि पाचपैकी चार गुण दिले होते. या खेपेला अडीच दिले. अशा वेळी जुने गुण खोडण्याचा मोह होतो. ते खोडू नयेत, नवे शेजारी तारखेसह लिहावेत.