महोत्सव संपल्यावर सुरू होणारं काम: लोककलांच्या अभिलेखागारात येऊ पाहणाऱ्यांसाठी

ग्रंथालयशास्त्र, इतिहास किंवा संगीत शिकलेली आणि लोककलांच्या अभिलेखागारात काम करायची इच्छा असलेली मुलंमुली मला विचारतात, की तिथे दिवसभर नेमकं करायचं काय असतं. जाहिरातीत ‘डिजिटायझेशन’ एवढाच शब्द असतो. त्यामुळे टेप यंत्रावर चढवायची, बटण दाबायचं आणि फाइल साठवायची, असं बहुतेकांना वाटतं. तेही काम आहेच, पण ते काही महिन्यांत हाताला बसतं. फितीवरचा आवाज कुणाचा, तो माणूस कुठून आला होता, त्या दिवशी काय गायला आणि तेच का गायला, ही माहिती आवाजापासून तुटू न देणं याला मात्र वर्षं लागतात. माझ्या मते या पेशाचा गाभा तोच आहे.

मी हे शिकले वॉशिंग्टनमध्ये, स्मिथसोनियन या संग्रहालयं चालवणाऱ्या संस्थेच्या लोकजीवन महोत्सवाच्या अभिलेखागारात इंटर्न असताना. आता भारतात एका प्रादेशिक लोककला महोत्सवाची जुनी कागदपत्रं आणि ध्वनिफिती लावण्याचं काम करते. दोन्हीकडचं एकत्र सांगते.

स्मिथसोनियनचा महोत्सव जुलै १९६७ मध्ये पहिल्यांदा भरला, तो चार दिवसांचा होता. अमेरिकेची संसद आणि वॉशिंग्टन स्मारक यांच्यामधल्या ‘नॅशनल मॉल’ नावाच्या लांबलचक मैदानावर तो उघड्यावर होतो. प्रवेश फुकट. त्याला आकार दिला राल्फ रिंझलर यांनी. ते स्वतः मँडोलिन वाजवायचे, आणि त्याआधी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवासाठी गावोगाव फिरून वादक-गायक शोधायचे. पुढे महोत्सव दरवर्षी साधारण दोन आठवड्यांचा होऊ लागला. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली म्हणून तो सलग बारा आठवडे चालला. १९९८ मध्ये नाव बदलून ‘स्मिथसोनियन फोकलाइफ फेस्टिव्हल’ झालं. रिंझलर १९९४ मध्ये गेले. तिथलं अभिलेखागार आज त्यांच्या नावाने आहे.

त्याच अभिलेखागारात फोकवेज या रेकॉर्ड कंपनीचा संग्रहही आहे. मोझेस ॲश यांनी १९४८ मध्ये ती कंपनी काढली आणि जवळपास चाळीस वर्षांत दोन हजारांहून जास्त रेकॉर्डी काढल्या. त्यांच्या निधनानंतर १९८७ मध्ये स्मिथसोनियनने हा संग्रह घेतला तो एका अटीवर: एकही रेकॉर्ड बंद करायची नाही, खप असो वा नसो. ही अट मला फार मोलाची वाटते. अभिलेखागाराला एखादी गोष्ट देणारा माणूस अटी घालू शकतो आणि संस्था त्या दशकानुदशकं पाळू शकते, हे नव्याने येणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात समजून घ्यावं.

आता, महोत्सवाचे दस्तऐवज म्हणजे काय? प्रत्येक मंचावरच्या ध्वनिफिती, छायाचित्रांच्या निगेटिव्ह आणि स्लाइड, छापील कार्यक्रमपुस्तिका हे लगेच डोळ्यांसमोर येतं. त्याहून मोलाचे असतात ते साधे कागद. महोत्सवाआधी गावोगाव जाऊन आलेल्या संशोधकांचे अहवाल, कलावंतांशी झालेला पत्रव्यवहार, कुणाला कुठे उतरवलं त्याच्या याद्या, मंडपांचे नकाशे, आणि रेकॉर्डिंग चालू असताना स्वयंसेवकांनी हाताने भरलेली नोंदपत्रकं. या पत्रकांवर कितव्या मिनिटाला कोण बोललं, कोणतं गाणं सुरू झालं, हे लिहिलेलं असतं. टेप आणि तिचं पत्रक यांची ताटातूट झाली, तर टेप सुस्थितीत असूनही तिचा उपयोग निम्मा होतो. नुसतं पत्रक उरलं तर निदान काय झालं ते कळतं. म्हणून खोका उघडला की यंत्राकडे वळण्याआधी कागद शोधायचे, ही सवय लावून घ्या.

त्या महोत्सवात एक मंच गप्पांसाठी राखलेला असतो. तिथे कुणी गात-नाचत नाही. कुंभार, कोळी, वादक, स्वयंपाक करणारी बाई असे चार-पाच जण बसतात, एक निवेदक त्यांना बोलतं करतो आणि समोरचे लोक प्रश्न विचारतात. वाद्याचं चामडं कुठून आणता, मुलगा हे शिकतोय का, लग्नात हेच गाता की वेगळं. नवखे लोक या फिती मागे ठेवतात, कारण त्यांवर ‘संगीत’ नसतं. मी उलट सांगेन. गाण्याचं दुसरं ध्वनिमुद्रण कुठेतरी सापडेल, पण त्या बाईने स्वतःच्या कामाबद्दल स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं दुसरीकडे सापडण्याची शक्यता फार कमी. डिजिटायझेशनचा क्रम ठरवण्यात तुमचं मत घेतलं, तर या फितींची बाजू मांडा.

१९८५ मध्ये अमेरिकेत भारत महोत्सव झाला, तेव्हा याच मैदानावर ‘मेला’ नावाने भारतीय जत्रा भरली होती. भारतीय डिझायनर राजीव सेठी आणि स्मिथसोनियनचे मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड कुरिन ही त्यामागची महत्त्वाची नावं. भारतातले कारागीर आणि रस्त्यावर खेळ करणारे कलावंत तिथे गेले होते. हे कलावंत नीट समजून घ्यायचे तर एक कायदा ठाऊक हवा. १९५९ च्या मुंबईच्या भीकप्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याची जी व्याख्या आहे, तिच्यात गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं यांच्या निमित्ताने पैसे घेणंही येतं. हाच कायदा पुढे दिल्लीलाही लागू झाला. म्हणजे परदेशी राजधानीत पाहुणा म्हणून खेळ करणारा माणूस आपल्या शहरातल्या चौकात तोच खेळ करताना पोलिसांच्या हाती लागू शकत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातली मुख्य कलमं दिल्लीपुरती २०१८ मध्ये रद्द केली. फितीवर यातलं काहीच ऐकू येत नाही. तिथे ढोलकी आहे, टाळ्या आहेत. वर्णन लिहिणाऱ्याला हा संदर्भ माहीत असेल, तरच पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला तो मिळतो. आपल्याकडच्या मुलामुलींनी या क्षेत्रात यावं असं मी म्हणते, त्याचं हे एक ठोस कारण आहे. गोंधळी, वासुदेव, पोतराज, डोंबारी ही नावं ऐकल्यावर त्यांच्याभोवतीचं जग आपल्याला सांगावं लागत नाही.

आता यंत्राकडे. स्पूलची टेप हातात आली की आधी ती कशाची आहे ते पाहा. स्पूल कडेने उजेडापुढे धरलं आणि टेपच्या थरांतून उजेड आला, तर ती ॲसिटेटची. पॉलिएस्टरची टेप अपारदर्शक दिसते. ॲसिटेट खराब होऊ लागली की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, आणि अशा टेपा बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळ्या ठेवाव्या लागतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही पॉलिएस्टर टेपांचा आजार निराळा. चुंबकीय थर धरून ठेवणारं बंधक हवेतला ओलावा शोषून चिकट होतं, टेप यंत्रावर चिरचिरते आणि थर हेडला, म्हणजे यंत्राच्या आवाज वाचणाऱ्या भागाला, चिकटून निघून येतो. अशी टेप नियंत्रित उष्णतेत, साधारण ५४ अंश सेल्सिअसला, काही तास ठेवली की तात्पुरती वाजण्याजोगी होते, आणि तेवढ्या मुदतीत तिचं डिजिटल रूपांतर उरकावं लागतं. ॲसिटेटच्या टेपला हा उपचार कधीही करायचा नाही. घरच्या ओव्हनमध्ये तर कुठल्याच टेपला नाही.

वाजवण्याआधी हेड साफ करणं, टेपची गती आणि ट्रॅक ओळखणं, आणि हेडचा कोन कानाने जुळवणं ही तीन कामं दर टेपला नव्याने करावी लागतात. कोन जरासा चुकला तरी वरच्या पट्टीतला आवाज मंद होतो. तुणतुण्याची तार किंवा झांज ऐकत हळूहळू फिरवलं की आवाज एकदम उजळतो, तिथे थांबायचं. हे पुस्तकातून येत नाही, जुन्या तंत्रज्ञाशेजारी बसून येतं. असा माणूस तुमच्या संस्थेत असेल तर त्याच्या निवृत्तीची तारीख माहीत करून घ्या आणि त्याआधी जमेल तेवढं शिकून घ्या.

जतनासाठी करायच्या मूळ डिजिटल प्रतीसाठी जगभर मान्य झालेलं माप ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट असं आहे, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ९६ हजार नमुने, प्रत्येक २४ बिटांचा. स्टिरिओ असेल तर तासाला साधारण २ जीबी जागा लागते. या प्रतीवर कसलीही सफाई करायची नाही. वॉशिंग्टनच्या मैदानाजवळून विमानतळाकडे उतरणारी विमानं फितीत ऐकू येतात, आपल्याकडच्या फितींत जनित्राची घरघर, शेजारच्या मंचावरची हलगी, निवेदकाचं ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ येतं. ते सगळं राहू द्या. श्रोत्यांना द्यायच्या प्रतीत हवी तर सफाई करा. दोन गाण्यांमधली कुजबुज कापून टाकणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. त्या कुजबुजीतच कधीकधी गायकाचं नाव असतं.

जुन्या स्पूलपेक्षा मला ‘डॅट’ या छोट्या डिजिटल कॅसेटींची काळजी जास्त वाटते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून पुढची काही वर्षं अनेक महोत्सवांनी त्या वापरल्या. दिसायला नव्या कोऱ्या, पण त्या वाजवणारी यंत्रं बनवणं सोनीने २००५ मध्येच थांबवलं. ॲनालॉग टेप बिघडली तर आवाज खरखरतो, तरी काहीतरी ऐकू येतं. डॅट बिघडली की आवाज थेट तुटतो. तुमच्या संग्रहात त्या असतील तर यादीत वर घ्या. युनेस्को आणि ध्वनी-अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये जगाला इशारा दिला होता, की चुंबकीय फितींवरचा मजकूर वाजवून घेण्यासाठी २०२५ च्या आसपासपर्यंतच वेळ आहे. ती मुदत म्हणजे यंत्रं, सुटे भाग आणि जाणकार माणसं संपत जाण्याचा अंदाज होता, आणि प्रत्यक्ष काम करताना त्यातलं तथ्य रोज जाणवतं.

खोक्यांचा क्रम हलवू नका. सगळी शाहिरी एकत्र, सगळी लावणी एकत्र असं लावायचा मोह होतो. पण महोत्सवाचे कागद ज्या वर्षाच्या, ज्या मंचाच्या आणि ज्या कचेरीच्या फाइलमध्ये होते तसेच ठेवले, तर एका कागदावरून दुसऱ्याचा अर्थ लागतो. विषयवार शोध घेण्याची सोय सूचीत करायची, कपाटात नाही.

नावांचं काम सगळ्यांत वेळखाऊ. मी सध्या ज्या संग्रहावर काम करते, तिथे एकाच शाहिराचं नाव पत्रकावर एक, मानधनाच्या पावतीवर दुसरं आणि पुस्तिकेत तिसरं आहे. पावतीवर आडनाव, पुस्तिकेत गावाचं नाव, पत्रकावर नुसतं ‘आणि पार्टी’. ढोलकीवाला, झीलकरी, तुणतुणंवाला यांची नावं तर कुठेच नाहीत. अशा वेळी टेप शेवटपर्यंत ऐकायची. आपल्याकडे गायक शेवटच्या कडव्यात स्वतःचं, गुरूचं, गावाचं नाव घेतो, आणि सुरुवातीच्या गणात फडाचा उल्लेख येतो. तिथून धागा मिळतो. मग त्या गावी फोन करायचा, कलावंताच्या घरच्यांना आवाज ऐकवायचा. साथीदारांची नावं बहुतेक वेळा घरातल्या बायका सांगतात. सापडलेली सगळी रूपं नोंदीत ठेवा, एक प्रमाण म्हणून निवडा आणि कुणी सांगितलं तेही लिहा. देवनागरीत लिहा, रोमन नंतर.

हक्कांचा प्रश्न टाळता येत नाही. जुन्या महोत्सवांत कलावंताने गाण्याला होकार दिलेला असतो. ते पुढे जगात कुणीही, कधीही ऐकेल, याला दिलेला असतोच असं नाही. डिजिटल प्रत तयार झाली म्हणजे ती सगळ्यांना खुली करायची परवानगी मिळाली असं होत नाही. काही गाणी नवसाच्या रात्रीची असतात, काही विधींत कोण उपस्थित असावं याचे संकेत असतात. स्थानिक समाजाने स्वतःचे नियम नोंदीवरच लावावेत यासाठी ‘ट्रॅडिशनल नॉलेज लेबल’ नावाची पद्धत आता आहे, तसंच ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू या आदिवासी समाजाबरोबर काम करताना घडलेली ‘मुकुर्तू’ ही संग्रह सांभाळण्याची मुक्त संगणकप्रणालीही. दोन्ही अभ्यासा. आणि प्रतीचा पहिला मान घरच्यांचा, याबाबत मी ठाम आहे.

शिकायचं कुठे? दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या प्रशिक्षण संस्थेत अभिलेखशास्त्राचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. कागदपत्रांची शिस्त तिथे पक्की होते. ध्वनिमुद्रणांसाठी गुरुग्रामचं लोकसंगीत-संशोधन अभिलेखागार पाहून या. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं हे केंद्र १९८२ मध्ये पुण्यातच सुरू झालं होतं. दिल्लीतली संगीत नाटक अकादमी आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्र, पुण्याचा चित्रपट संग्रह, मुंबईचं एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) इथेही संग्रह आहेत. नागपूर आणि उदयपूरची सांस्कृतिक केंद्रं अनेक वर्षं लोककलांचे महोत्सव भरवत आली आहेत. स्मिथसोनियनच्या इंटर्नशिपसाठी परदेशी विद्यार्थीही अर्ज करू शकतात. मानधन आहे का आणि व्हिसा कुठला लागेल, हे अर्जाआधी लेखी विचारा, कारण वॉशिंग्टनमध्ये राहणं महाग आहे. भारतात सुरुवातीच्या नोकऱ्या बहुधा प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात. पगार बेताचा. घरच्यांना हे आधीच सांगा.

अर्जात नुसती पदवी लिहू नका, एक लहान संग्रह स्वतः लावून दाखवा. जवळच्या गावातल्या जत्रेच्या समितीकडे, भजनी मंडळाकडे, शाळेच्या संमेलनाच्या कपाटात कॅसेटी असतात. वीस कॅसेटींची नीट यादी करा: कोण, काय, कुठे, कधी, कुणी सांगितलं, कुणाची परवानगी. मुलाखतीत मी तीच यादी आधी बघते. आणि यंदाच्या जत्रेत तुम्ही स्वतः मोबाइलवर चित्रण करणार असाल, तर फड उतरायच्या आत साथीदारांची नावं विचारून त्याच चित्रणात त्यांच्या तोंडून बोलून घ्या.